कोकरे सरांचा खुलासा

१९९६ च्या मे महिन्यात ज्ञानदेव कोकरे यांनी पुण्यातल्या एका वकिलाच्या कार्यालयात अकरा फ्लॉप्या जमा केल्या आणि एका निवेदनावर सही केली. त्यात तीन गोष्टी होत्या. 'घोंगड्या' या चित्रकथेवरून संगणकावरचा गेम मी तयार केला. त्यासाठी मी कुणाचीही परवानगी घेतली नव्हती. गेमची एकही प्रत आता माझ्याकडे किंवा अन्य कुणाकडे नाही. पहिली गोष्ट खरी होती. उरलेल्या दोन खोट्या होत्या आणि त्या दोन्ही माझ्यामुळे खोट्या होत्या.

कोकरे तेव्हा पस्तिशीचे होते. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. उसाची ट्रॉली काट्यावर उभी राहिली की खिडकीतून वजनाची पावती द्यायची, एवढं त्यांचं काम. काट्याला संगणक जोडला तेव्हा पुण्याहून आलेला इंजिनिअर चार दिवस राहिला. कोकरेंनी त्याला इतके प्रश्न विचारले की पाचव्या दिवशी तो न जेवताच एसटीला गेला, असं काट्यावरचे लोक सांगत. पुढे ते पुस्तकावरून बेसिक शिकले. गळीत हंगाम संपला की बारामतीला भिगवण रस्त्यावरच्या एका संगणक क्लासमध्ये शिकवायला येऊ लागले, आणि कोकरेंचे कोकरे सर झाले.

मी पुण्याच्या एका दैनिकाचा बारामतीचा वार्ताहर होतो. इंदापूर तालुकाही माझ्याकडेच होता. क्लास पहिल्या मजल्यावर होता, माझी खोली त्याच्या वर.

सर फळ्याशी उभे राहत ते एका पायावर. दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवलेला आणि भार लाकडी मीटरपट्टीवर. त्यांच्या घरात मेंढ्या होत्या. मेंढपाळ काठीवर असाच तासन्‌तास उभा राहतो. मेंढ्या विकून घरच्यांनी शेती धरली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण सरांचा पाय खाली आला नव्हता. 'लूप' शिकवताना ते सांगत, "संध्याकाळी कळप जाळीत घ्यायचा. येक मेंढरू आत आलं, मोजलं. शेवटचं आलं का? न्हाय? मग परत पहिल्या वळीवर जा. आलं? मग जाळी लावा आन् भाकरी खा." मुलांना हे कळे. पुण्याहून एकदा तपासणीला आलेल्या बाईंना कळलं नाही.

क्लासमधल्या निम्म्या वस्तूंवर त्यांनी डिंकाने कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. 'पंखा. शेजारच्या टेलरमास्तरांचा. विचारून घेतला आहे.' 'पान्हा. गॅरेजचा. विचारून घेतला आहे. शनिवारी द्यायचा.' एकदा मुलांनी त्यांच्या चपला पळवल्या आणि दाराशी चिठ्ठी लावली: 'चपला. सरांच्या. विचारून घेतल्या नाहीत.' सर अनवाणी आत आले. म्हणाले, "अक्षर चांगलं हाय. शुद्धलेखन बी. आता जावा, जितनं आणल्या तितं ठेवा."

एखाद्याने दुसऱ्याचा प्रोग्रॅम उतरवलेला सापडला की ते रागावत नसत.

"इचारलंस का त्याला?"

"हो सर."

"मग वर पहिल्या वळीत त्येचं नाव लिव. आपुन चोर न्हाय, पाव्हणं हाय."

हा नियम त्यांच्या वडिलांचा होता. वडिलांना सगळे आबा म्हणत. रान मोकळं असो, पीक निघालेलं असो, विचारल्याशिवाय आबांनी कधी कळप आत घातला नाही. रानात मेंढ्या बसवल्या की खत होतं, शेतकऱ्याचाच फायदा असतो, तरीही विचारायचं. आणि विचारायचं ते जो रान कसतो त्याला. सातबारा कुणाच्या नावावर आहे हे मेंढपाळ बघत नाही. बांधावर उभा असलेला माणूस 'बसव' म्हणाला की झालं. त्याने हो म्हटल्यावर कागद मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडणं. सरांनी हे मला एकदा चहा पिताना सविस्तर सांगितलं होतं. मी ते लिहूनही घेतलं होतं. जिल्ह्याच्या पानावर कधी जागा रिकामी राहिली तर उपयोगी पडेल म्हणून.

'घोंगड्या' ही पुण्याच्या एका मुलांच्या पाक्षिकातली चित्रकथा. डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेला धनगराचा पोर. खोळ पुढे ओढली की तो कुणाला दिसत नाही. नाना टिळेकर नावाचे चित्रकार ती तीसेक वर्षं काढत होते. सरांना ती पहिल्यांदा भेटली मोरगावला, नवव्या वर्षी, भज्यांच्या कागदावर. कळप गावाबाहेर होता आणि आबांनी बाजारातून भजी आणली होती.

"भजी कोण खातंय?" सर म्हणाले होते. "छापल्याल्या कागदावर आमच्यासारखं कुणी बघितलंच न्हवतं. राजा असायचा, न्हायतर वाघ. हितं आमचं पोरगं, आमची घोंगडी. त्या कागदाचं त्याल मी चाटून काढलं, म्हंजी चित्र नीट दिसंल."

गेम करायला त्यांना दोन उन्हाळे लागले. आलेखाच्या कागदावर चौकट चौकट भरून ते घोंगड्या काढत आणि मग ती चौकट आकड्यांत उतरवत. पडद्यावर माळ होता, ओढा होता, तेरा मेंढ्या होत्या आणि लांडगा. लांडगा आला की बाणाचं बटण दाबून खोळ ओढायची. मेंढी हरवली की संगणकातून बारीक कळवळल्यासारखा आवाज यायचा. क्लासमधली मुलं तो आवाज येऊ नये म्हणून जीव तोडून खेळत. रानात शिरण्याआधी मात्र गेम थांबायचा. बांधावर एक माणूस उभा असायचा. त्याच्याजवळ जाऊन बटण दाबलं नाही, तर मेंढ्या पुढे सरकतच नसत.

प्रती वाटायच्या आधी सर पुण्याला गेले आणि पाक्षिकावरच्या पत्त्यावरून नानांचं घर शोधून काढलं. या भेटीचं मला सरांनी सांगितलं आणि नंतर नानांनी फोनवर सांगितलं. दोन्ही हकिकती जुळतात.

सरांनी सोबत घोंगडी नेली होती. आधी नानांच्या पाया पडले, मग म्हणाले, "नाना, राग मानू नगा. तुमी खोळीला गाठ काढताय. आमी गाठ मारत न्हाय. गाठ आसली तर पळताना टाकायची कशी?" आणि सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत उभं राहून त्यांनी घोंगडी दुमडून डोक्यावर घेतली आणि एका झटक्यात टाकून दाखवली. नाना सत्तरीचे होते. ते हसत सुटले. "अहो, तीस वर्षं चुकीची काढतोय मी! एकानेही सांगितलं नाही?"

"सांगणार कोण? आमची मानसं पुस्तक वाचत न्हाईत आन् तुमची मानसं खोळ घेत न्हाईत."

मग सरांनी आलेखाचे कागद पसरले आणि विचारलं. नाना म्हणाले, "कर बाबा. राखू दे त्याला तुझ्या पडद्यावर मेंढ्या." थोड्या वेळाने म्हणाले, "लिहून देऊ का?"

सर म्हणाले, "शबूद पुरं, नाना."

मी बातमी करायचं ठरवलं तेव्हा सर दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, "करा. पर नानांचं नाव घालू नगा. म्हातारा मानूस हाय, त्येच्या दाराशी उगं गर्दी नगो." मी बरं म्हणालो. खात्री करायची म्हणून एसटीडी बूथवरून नानांना फोन लावला. ते म्हणाले, "हो, मीच परवानगी दिली. पण हे आपल्यातच असू द्या. पाक्षिक चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांना मी सवडीने सांगणार आहे." मी त्यांनाही बरं म्हणालो.

त्याच बूथवरून पुण्याच्या डेस्कला बातमी वाचून दाखवली. तिकडून प्रश्न आला, "परवानगी कुणाची? नाव असेल तर फोटोसह चार कॉलम लावतो. नसेल तर संक्षिप्तमध्ये जाईल."

मी नाव सांगितलं. मला कुणी भाग पाडलं नव्हतं. बूथवाल्याने दार उघडून विचारलं, "झालं का?" आणि मी "झालं" म्हणालो.

बातमी चार कॉलम लागली. सर एका पायावर, हातात मीटरपट्टी, मागे पडद्यावर घोंगड्या. 'मूळ चित्रकार नाना टिळेकर यांनी कोकरे यांना परवानगी दिली आहे,' हे वाक्य तिसऱ्या परिच्छेदात होतं. सरांनी बातमी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "फोटू झकास आलाय." क्लासच्या मालकांनी कात्रण मोठं करून दारावर लावलं आणि खाली लिहिलं, 'सुट्टीची बॅच. घोंगड्यासोबत शिका.' त्या आठवड्यात जागा नाही म्हणून मुलं परत पाठवावी लागली.

नोटीस आली ती इंग्रजीत. सर ती घेऊन जिना चढून माझ्याकडे आले. मी वाचून मराठीत सांगत गेलो. चित्रांचे हक्क पाक्षिक चालवणाऱ्या संस्थेचे आहेत. 'घोंगड्या' हे नाव आणि ती आकृती संस्थेने वह्या आणि कंपासपेट्यांसाठी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवली आहे. गेम, दारावरची जाहिरात, दोन्हींमुळे हक्कांचा भंग झाला आहे.

"चित्र नानांनी काडलं," सर म्हणाले. "मग मालक दुसरा कसा?"

"नाना संस्थेत नोकरीला होते. नोकरीत काढलेलं चित्र संस्थेचं."

"म्हंजी नाना वाटेकरी."

"वाटेकरीही नाही. पगारी."

त्यांनी नोटीस उलटून मागची कोरी बाजू बघितली. मग म्हणाले, "आन् नावाला बी सातबारा आसतो व्हय?"

"असतो."

"आमी इचारलं ते बांधावरच्या मानसाला." त्यांनी नोटिशीची घडी बातमीच्या घडीसारखीच घातली. "रान कसणाऱ्याला. बरोबरच इचारलं की."

मी कायदा सांगू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हावू द्या पत्रकार. कळलं मला. आमचं चुकलंच."

त्यानंतरच्या आठवड्यात ते नानांना भेटून आले. नाना निवृत्त झालेले होते, तरी संस्था त्यांच्याकडून महिन्याला मुखपृष्ठ आणि घोंगड्याचं पान घेई. घर त्यावर चाले. बायको अंथरुणाला खिळलेली होती. संस्थेने त्यांना लेखी विचारलं होतं: आपण परवानगी दिली हे खरं आहे का? खरं असेल तर कोणत्या अधिकाराने? नाना सरांना म्हणाले, "मी खरं तेच लिहिणार. दिली म्हणजे दिली." आणि कागदावर हात ठेवून बसले. पेन उचललं नाही, असं सर म्हणाले.

"माझ्या मनात काय हाय, सांगू का?" सर माझ्या खोलीत उभेच होते. "खुलासा छापा. कोकरेनं कुणाला इचारलं न्हवतं. पेपरात आलं ते कोकरेनं खोटं सांगितलं म्हणून आलं."

"सर, तुम्ही विचारलं होतं. माझ्या वहीत आहे. नानांचा फोनही आहे वहीत."

"तुमच्या वहीत बरंच हाय. नाव घालू नगा म्हणलो होतो, ते बी आसंल की."

ते होतं. तारखेसह होतं.

"त्यांनी आवाज चढवला," असं मला इथे लिहिता येत नाही, कारण त्यांनी चढवला नाही. त्यांनी खिशातून कागद काढला. खुलाशाच्या चार ओळी त्यांनीच लिहून आणल्या होत्या. अक्षर चिठ्ठ्यांवरचंच. मी त्यातली एक मात्रा दुरुस्त केली आणि मजकूर पुण्याला पाठवला. तो खोटा आहे हे ठाऊक असताना पाठवला. डेस्कने कारण विचारलं नाही. चार ओळींसाठी कुणी विचारत नाही.

जाताना सर म्हणाले, "वकील म्हंतोय, समद्या फ्लॉप्या जमा करा. बारा केल्या होत्या. अकरा हायत. येक तुमच्याकडं."

ती फोटोच्या पाकिटाबरोबर डेस्कला गेली होती. "ती आता मिळायची नाही सर," मी म्हणालो. "गेलीच समजा."

"गेली ना? मग तसं लिवून देतो."

माझ्या शब्दावर त्यांनी सही केली. चार दिवसांनी एसटीच्या पार्सलने जुने फोटो परत आले. त्यांत ती फ्लॉपी होती.

पण त्याआधी, फ्लॉप्या पुण्याला न्यायच्या सकाळी, आबा क्लासमध्ये आले. मी तिथे होतो. सर टेबलावर अकरा फ्लॉप्या मांडून पाण्याच्या बोळ्याने त्यांवरच्या चिठ्ठ्या सोडवत होते. चिठ्ठी निघाली नाही तर नखाने खरवडत होते. आबा नरसिंहपूरहून, लेकीकडून, पहाटेच्या एसटीने आले होते. तिथे कुणीतरी त्यांना खुलासा वाचून दाखवला होता. ते दारातच उभे राहिले. चपला बाहेर काढायच्या असतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून काढल्या. आत मात्र आले नाहीत.

"ज्ञानबा, पेपरात आलंय ते खरं हाय का?"

"व्हय आबा."

"इचारलं न्हवतंस?"

सरांचा बोळा थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी टेबलापासून दोन हातांवर होतो.

"न्हाय," सर म्हणाले.

"कुनालाच?"

"कुनालाच न्हाय."

आबांनी चपला घातल्या. "मग म्या येवढी वर्सं रानोरान काय शिकीवलं तुला?" ते म्हणाले. "भाकरी खायाला?" आणि जिन्याच्या कठड्याला धरून निघाले. सर मागे गेले नाहीत. मीही गेलो नाही. रस्त्यापर्यंत जाऊन मला त्यांना एक वाक्य सांगता आलं असतं. सरांना ते चाललं नसतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खरं होतं. मात्र मी हललो नाही त्याचं कारण ते नव्हतं. सांगायला सुरुवात केली असती, तर नाव कुणी छापलं इथपर्यंत यावं लागलं असतं.

क्लासच्या मालकांनी जूनपासून दुसरा शिक्षक ठेवला. पालकांची तक्रार होती, असं ते म्हणाले. पंखा टेलरमास्तरांना आणि पान्हा गॅरेजला सरांनी जायच्या आधी परत केला. टेलरमास्तर मला म्हणाले, "पंखा घेऊन आला न् वर म्हणतो, मोजून घ्या, तिन्ही पाती हायत. असा मानूस चोरी करंल का हो? तुमच्याच पेपरात आलंय म्हणून इचारतो." मी म्हणालो, खुलासा त्यांनीच दिला आहे. तेही खरं होतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते १९९८ च्या जानेवारीत. कारखान्याच्या निवडणुकीच्या बातमीसाठी गेलो होतो. दुपारची वेळ, काट्यापुढे ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. सर खिडकीत होते, उभेच, एका पायावर. मीटरपट्टीच्या जागी आता काट्याच्या खोलीचा अडसर होता. मी फ्लॉपी बरोबर नेली होती. खिडकीतून पुढे केली.

त्यांनी ती बघितली. हातात घेतली नाही.

"काय हाय हे?"

"तुमची फ्लॉपी. बारावी. परत आली होती तेव्हाच. मी तेव्हाच द्यायला हवी होती."

"बारावी न्हवती कुठली," ते म्हणाले. "समद्या जमा झाल्या. कागदावर सही हाय माझी."

"सर, आबांना मी सांगू का? आता तरी?"

मागच्या ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवला. "ओ पाव्हणं, ऊस वाळाय लागला की! गप्पा घरी मारा!"

सर हसले. माझ्याकडे बघून नव्हे, त्याच्याकडे बघून. "आलास का बाबा, घे फुडं." मग पावतीवर शिक्का मारता मारता मला म्हणाले, "नाना बरं हायत. मुखपृष्ठ येतंय त्येंचं. बघता का कधी?" आणि पुढच्या ट्रॉलीचं वजन मोठ्याने सांगितलं.

बारामतीला आल्यावर मी स्टँडवरच्या स्टॉलवरून पाक्षिक घेतलं. वाचनालयात जाऊन मागचे अंकही काढले. १९९६ च्या दिवाळी अंकापासून घोंगड्याच्या खोळीला गाठ नाही.

आबा त्याच उन्हाळ्यात गेले. तोपर्यंत त्यांना कुणी खरं सांगितलं होतं का, याची खात्री मला करता आलेली नाही. फ्लॉपी माझ्याकडे आहे. तिच्यावरची चिठ्ठी शाबूत आहे. निळ्या शाईत, सरांच्या अक्षरात तीन ओळी आहेत: 'घोंगड्या. नाना टिळेकर यांचा. विचारून घेतला आहे.'